दोन्ही दारं किलकिली

बेझिगहाइमच्या खाली, नेकर नदी वळते तिथे
आमचं गॅरेज. वर द्राक्षांचे उतार,
मार्चमध्ये नुसते काळे खुंट.
मी कुणाच्या तरी कार्ब्युरेटरचे जेट
फुंकून साफ करत होते तेव्हा
फ्राउ श्टाइगर आल्या. वय एकाहत्तर,
पायांत बागेतले चिखलाळ बूट.
किल्ली टेबलावर ठेवून म्हणाल्या,
"कॅमशाफ्ट बदला. तिखट हवेत."

फोगेलेमास्तरांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"वर जे मिळेल ते खाली गमवाल, बाई.
चार हजारांखाली ती रुसून बसेल.
सिग्नलला उभी राहिली की थरथरेल."
"मीही थरथरते.
किती दिवस लागतील ते सांगा."

इंजिन उतरवलं.
यात पाणी नाही, रेडिएटर नाही,
वाऱ्यावर निभावणारं यंत्र;
तीन सिलिंडर इकडे, तीन तिकडे,
समोरासमोर, पंगतीला बसल्यासारखे.
जुना शाफ्ट ओढून काढला
तर जवळजवळ कोरा.
पन्नास वर्षं, आणि उंचवट्यांवर ओरखडा नाही.
मास्तरांनी अंगठ्याचं नख फिरवलं, म्हणाले,
"हा माणूस वर गेलाच नाही कधी."

हेर श्टाइगर. नाकासमोर चालणारे.
दर शनिवारी बादली, शॅमॉय चामडं,
चाकाची एकेक आरी पुसून कोरडी,
मग बेकरीपर्यंत जाऊन परत.
सगळं हातचं राखून.
हातचा ठेवला,
आणि पुढच्या घरात मिळवायचा राहून गेला.

नवीन शाफ्टचे उंचवटे जाड, पोटुशे.
व्हॉल्व्ह जास्त खोल उतरणार, म्हणून
मास्तरांच्या नातीच्या डब्यातली हिरवी माती
पिस्टनच्या माथ्यावर थापली,
क्रँक हाताने दोनदा फिरवला, हळू,
आणि झाकण उचलून पाहिलं:
मातीत चंद्रकोर उमटलेली,
तळाशी कागदाइतकी जाडी.
म्हणजे पिस्टनही कोरावे लागणार.
खर्च वाढला. मी फोन केला.
पलीकडे कुंड्या सरकवल्याचा आवाज, मग
"कोरा."

मग ती दुपार.
चेन ताणलेली, घड्याळासारखा गेज व्हॉल्व्हवर,
मास्तरांची नजर आता काट्यावर ठरत नाही
म्हणून वाचायचं मी.
पाच पूर्णांक दोन हवं.
नट आवळला की काटा केसभर सरके.
चार पूर्णांक नऊ. सोडा. पिन काढा. पुढचं भोक.
पाच पूर्णांक पाच. सोडा.
अकराव्यांदा काटा जागेवर आला
आणि आम्ही दोघं श्वास धरून उभे.

ही जागा म्हणजे कोणती, ते त्यांनी तेव्हा सांगितलं.
जळलेला श्वास अजून पुरता गेलेला नाही,
नवा आत शिरायला लागलाय,
दोन्ही दारं किलकिली.
दिवस नाही, रात्र नाही.
साध्या शाफ्टला ही तिन्हीसांज निमिषभराची.
तिखट शाफ्ट ती लांबवतो.
मंद चालीत जाणारा येणाऱ्याच्या पायात येतो,
इंजिन ठेचकाळतं.
वेगात मात्र
जाणाराच येणाऱ्याला हात धरून आत ओढतो.

मी डाव्या बाजूचा नट आवळला. उजवी बाजू बाकी होती.

मेमध्ये त्या गाडी घेऊन गेल्या.
फाटकातच दोनदा बंद पडली.
तिसऱ्यांदा धडपडत, खोकत पुलापार झाली.
आम्ही दारात उभे. बराच वेळ काहीच नाही.
मग पलीकडच्या काठावर, उताराच्या रस्त्याला
आवाज बदलला.
जाड होता, तो एकदम ताणला गेला, उघडला,
आणि उघडतच राहिला.
मास्तरांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं.
त्याची गरज नव्हती.

जुलैत बिलाचा शेवटचा हप्ता आणायला गेले.
वाफ्यात दोन टोमॅटो,
प्रत्येकाला आधाराला एक जुना कॅमशाफ्ट,
बांधायला शॅमॉयच्या पट्ट्या.
वेल उंचवट्यांना अडकत अडकत चढलेला.
त्या ओणव्या होऊन तण उपटत होत्या.
वर न बघताच म्हणाल्या,
"तिसऱ्या गिअरला अजून जरा खोकते."
"जेट मोठा घालू," मी म्हटलं.
"घाल."