ओळंबा

तुर्भ्याला भंगाराच्या गोदामावर
भाड्याच्या हॉलमध्ये आमची मंडळी भरते.
सव्वीस खुर्च्या, एक कीबोर्ड.
पाळक आज राष्ट्रांच्या न्यायावर बोलले:
कुठलं राष्ट्र तराजूत हलकं भरलं,
कुणाच्या राजवाड्यात आता कोल्हे नांदतात.
आम्ही माना डोलावल्या.
सगळी नावं लांबची होती.

तेवढ्यात ओहोळमामा उठले.
चाळीस वर्षं गवंडीकाम, सीवूड्सचे कितीतरी मजले त्यांच्या हातचे,
स्वतःचं घर दिघ्याला, पत्र्याचं.
पिशवीतून ओळंबा काढला,
वधस्तंभाच्याच खिळ्याला दोरी बांधली
आणि म्हणाले, पंखा बंद करा जरा.

गोळा झुलला, झुलला, थांबला.
भिंतीपासून दोन बोटं लांब.

"मोजायला तो इथूनच सुरुवात करतो,"
एवढंच बोलून मामा बसले.
पाळकांनी पान उलटलं, परत उलटलं.

खाली गोदामाच्या दाराशी
बुधवारी झोपड्या तुटलेली माणसं
गाद्या उन्हात घालत होती.
एक पोर पातेल्यात पाय धुत होतं.
त्यांच्यासाठी आम्ही चार रात्री प्रार्थना केली,
जिन्याचं कुलूप न काढता.

कुलपाची किल्ली माझ्याकडे असते.
आशीर्वादाच्या वेळी मी डोळे मिटले नाहीत.
पर्समध्ये हात घालून
तिचे दाते मोजत राहिले.

मंडळी पांगली तरी ओळंबा तिथंच.
मामा विसरले म्हणावं,
तर हत्यार विसरणारा माणूस नाही तो.