ड्रेपरी

पद्मल, तुझे फोटो पोचले.
शटर अर्धं ओढून, उजेडाकडे पाठ करून
एकेक बघतोय.
अंगठ्याला जरीची कस चिकटलेली, त्यामुळे
चित्र मधेच सरकतं, फुगतं,
आणि एखाद्या दगडी बाईच्या नाकावर
येऊन अडतं.

तू लिहितेस : हे व्हिएन्नाचं पार्लमेंट.
हा टाऊन हॉल. हे विद्यापीठ.
जुना तट पाडला, तिथे गोल रस्ता केला,
आणि त्या रस्त्यावर ही सगळी
वीस-पंचवीस वर्षांत उभी राहिली.

म्हणजे एकाच वयाची?
मग पार्लमेंट ग्रीक का नेसलंय?
खांबांच्या निऱ्या बघ, मोजून पाडल्यात.
टाऊन हॉलनं टोकेरी टोप घातलाय,
त्याच्यापेक्षा चार-पाचशे वर्षं मोठ्या माणसाचा.
विद्यापीठ इटलीचा झगा सावरत उभं.
आणि समोरून ट्राम जातेय.

मला हसू फुटलं.
अगं, हे तर आपलंच दुकान.
खिळा चार : पौराणिक. गदा वेगळी, डिपॉझिट वेगळं.
खिळा नऊ : पेशवाई, भिकबाळी दाबाची.
खिळा अकरा : मोगल दरबार, एक बाही रफूला.
खिळा सतरा : न्यायाधीशाचा काळा कोट.
सर्वात जास्त तोच फिरतो, सर्वात कमी धुतला जातो.

तुझ्या आज्जाचं एक म्हणणं होतं,
नवखा नट दागिने जास्त मागतो.
मुरलेला नुसता पंचा घेऊन रंगमंचावर जातो
आणि राजा होतो.
त्या पार्लमेंटलाही पहिल्या अंकाआधी
पोटात गोळा आला असेल.
कायदा नवा, माणसं नवी, बाकांना वार्निशचा वास.
कुणी तरी म्हणालं असेल,
ग्रीक चढवा, म्हणजे आवाज पोटातून येईल.
आमच्या पाटबंधारे खात्यातले बेडगे
वर्षभर खाली मान घालून फायली सरकवतात.
स्पर्धेच्या रात्री मी मागून बंद आवळले
की खांदे आपोआप मागे जातात त्यांचे.
खोटं नाही ते. पण त्यांचंही नाही.

महापुरात कृष्णा सातव्या खिळ्यापर्यंत चढली.
पाणी उतरल्यावर सगळं गच्चीवर वाळत घातलं.
मोगलांचा हिरवा पेशव्यांत उतरलेला,
अप्सरेच्या ओढणीला गाळाची किनार.
मुकुट उचलला तर हातात मऊ पडला,
सोनेरी कागद सुटला, खाली खळ,
खळीखाली वर्तमानपत्र :
सांगली मार्केट यार्ड, राजापुरी हळद, आवक, भाव.
साल फाटलेलं.
इतकी वर्षं प्रत्येक राजा
हळदीचे दर डोक्यावर घेऊन बोलत होता.
मी तो कागद टाकला नाही. गल्ल्यात आहे.

तुझ्या शेवटच्या फोटोत
छप्पर डोक्यावर तोललेल्या त्या बाया.
भोवती परांची, आणि एक पोरगा
मऊ ब्रशनं एकीचा कान धुतोय.
किती जपून धुतोय गं.
त्याला मजुरी काय मिळते, विचारशील?

आता थांबतो. कन्याशाळेतून माणूस आलाय,
कोट हवाय, लहान मापाचा.
आत टाचण्या मारून देतो.

पुढच्या वेळी मागे जा त्या इमारतींच्या,
आणि मागून काढ फोटो.
गाठ कुठे मारलीय
ते बघायचंय मला.