गाईचे मागचे पाय

त्या फोटोत मी आहे. दिसत नाही, पण आहे.
पुढचे पाय व्हर्ना, मागचे मी,
आणि शेपटी म्हणजे ऑरिनच्या होडीचा दोर,
फोटोतसुद्धा माशाचा वास येईल असा.

ऑक्टोबरचा शेवटचा गुरुवार.
त्या रात्री बोलिंग नावापुरतं.
सुपीरियर सरोवरावरून असा वारा यायचा
की डेल्बर्ट गाडीतून उतरला तेव्हा भोपळा होता
आणि दारापर्यंत पोचला तो नुसता देठ.

नियम एकच. गेल्या मोसमात जो तळाला
त्याने यंदाचं सोंग ठरवायचं,
बाकीच्यांनी हूं की चूं करायचं नाही.
मी तीन वर्षं लागोपाठ तळाला.
मुद्दाम हरते, असं इर्मा सांगत फिरायची.
पहिल्या वर्षी तरी ते खोटं होतं.

एकदा मी म्हटलं, पिना होऊ.
पांढऱ्या चादरी, गळ्याशी दोन लाल पट्टे.
पिना लागतात दहा, आम्ही माणसं सहा.
लायल कोस्की म्हणाला, चार पडल्या असं समजा.
पहिल्या बॉलला चार,
तुझ्या मानाने फारच चांगलं.

फोटो लायलच काढायचा.
बूट देण्याच्या काउंटरवर कॅमेरा, खाली घडी केलेला रुमाल,
बटण दाबलं की दहा सेकंद,
आणि गुडघा धरून हा पळत आमच्याकडे.
एकोणीस फोटो. एकोणीस लायल, सगळे हललेले.
हललेला सागरी चाचा, हललेली नवरी,
हललेला उकडलेला बटाटा.
"अरे लवकर!" म्हणून ओरडणारे आमचे उघडे जबडे
प्रत्येक फोटोत.

कागदाची गिरणी बंद पडली, त्या वर्षी तळाला ऑरिन.
वाटलं, यंदा राहू दे म्हणेल.
तो म्हणाला, कोट्यधीश.
सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं येत नाही,
असं म्हणणाऱ्यांनी ऑरिन पाहिलेला नाही.
मेव्हण्याच्या लग्नातला कोट, सिगारच्या जागी गाजर,
वरच्या खिशात कोबीची पानं, नोटांसारखी घडी घातलेली.
बिअरचे पैसे त्या रात्री कुणी दिले आठवत नाही.
ऑरिनने दिले नाहीत,
आणि पहिल्यांदाच, देतो असं म्हणालाही नाही.
मोठ्या लोकांसारखा सरळ उठून गेला.

विसाव्या फोटोत सगळे स्पष्ट आहेत.
बूट देणाऱ्या पोराने काढला, हात स्थिर त्याचा.
पाच न्हावी, पाच पांढरे अंगरखे,
एकाच्याही मिशीचा केस हललेला नाही.
तोंडं मिटलेली.
ओरडावं असं धावत कुणी येत नव्हतं.
भिंतीवर लागला तोही,
पण खालच्या रांगेत, सोड्याच्या मशीनमागे.
तिथे कुणी लावला, कुणीच विचारलं नाही.

आता तिथे गालिच्यांचं गोदाम आहे.
फोटो मालकाने मला आणून दिले,
अकरा नंबरच्या बुटांच्या खोक्यात.
ऑरिन नाही, डेल्बर्ट नाही, या मार्चपासून व्हर्नाही.
इर्मा ॲरिझोनात, उन्हाला कंटाळलेली.
फोनवर म्हणाली, सात आणि दहा.
म्हणजे दोन टोकांच्या दोन पिना,
मधलं सगळं मोकळं.
एका बॉलमध्ये दोन्ही पाडणं भल्याभल्यांना जमत नाही.
"म्हणून तर उभ्या आहोत," मी म्हटलं.
मग बराच वेळ आम्ही तिच्या कुत्र्याच्या दातांबद्दल बोललो.

गाईचे मागचे पाय अजून माझ्या कपाटात आहेत,
चेन बिघडलेली, एक खूर उंदराने नेलेला.
पुढचे व्हर्नाकडे होते.
तिच्या मुलीने अंत्यविधीच्या आदल्या रात्री विचारलं,
आईजवळ ठेवू का पेटीत?
मी म्हटलं, ठेव.
शिंगं तेवढी काढ, झाकण लागणार नाही.