तक्ता क्रमांक नऊ

आराखड्यात आम्ही एक ओळ:
"ओला कचरा, टन, प्रतिदिन."
त्या ओळीत सराफ्याची रात्र आहे,
कुरतडलेली कणसं, शिळे पोहे,
छत्रीबागेतल्या तेराव्याचं उरलेलं श्रीखंड,
आणि मी हातानं वेगळी केलेली
कुणाची तरी कवळी.

देवगुराडियाच्या टाकीत सगळं मुरतं,
लोणच्यासारखं.
मग गॅस. मग बस.

काल त्याच बसनं घरी निघाले.
शेजारची बाई नाकाला पदर लावून,
"वास येतोय हो तुमच्या अंगाला."
"येणारच. बस त्याच्यावरच चालतेय."

राजवाड्यापर्यंत कुणी बोललं नाही.

आज साहेब खुर्चीवर बसवून विचारतात,
‘हरित रोजगार’च्या रकान्यात काय लिहू?

लिहा, द्वारका सोनटक्के.
आणि हातमोजे दोन्ही हातांचे द्या,
मागच्या खेपेला सगळे डावेच आले.