घराबरोबरच

माँटानाच्या नकाशावर कॉफीच्या कपाचं वर्तुळ उमटलंय,
त्याच्या आतली गावं कोल्टरला पसंत :
एल्क हरणांचं रान अगदी दाराशी.
मी पट्टी लावून मोजते
हॉस्पिटल किती मैल,
आणि जानेवारीत तेच मैल किती.

तिसऱ्या गावात सहावीच्या वर्गात नऊ मुलं.
"म्हणजे माझ्यासकट दहा," मॅरिट म्हणाली,
आणि गाडीतून उतरलीच नाही.

घर विकायला काढलेल्या म्हाताऱ्या ऑर्फानं
गॅरेजातला फ्रीझर उघडला.
पांढऱ्या कागदातल्या पुड्या, चळतीनं रचलेल्या,
प्रत्येकीवर तारीख, पाठ की फासळी, टेकडीचं नाव,
सगळं एकाच तिरप्या अक्षरात.
शेवटची गेल्या नोव्हेंबरातली.
"हे घराबरोबरच," ती म्हणाली,
"मला एकटीला संपणार नाही."

कोल्टर टेकड्यांची नावं वाचत राहिला,
ओठ हलवत, टोपी काढून.
मी विचारणार होते
छपराचं, विहिरीचं, रस्त्यावरचा बर्फ कोण काढतं ते.
विचारलं एवढंच : शिजवता कसं?

परतताना मांडीवर एक पुडी, टॉवेलात गुंडाळलेली.
गाव अजून ठरलेलं नाही.
मांडी बधिर झालीय.
मॅरिट मागून म्हणतेय,
माझ्याकडे दे थोडा वेळ.