बावीस नंबरची खोली

हेलेना, मोंटाना. नोव्हेंबर १९१६

सिनेटरचा भाव मला ठाऊक होता.
अख्ख्या सिनेटरचा नव्हे,
त्याच्यासाठी पडणाऱ्या एका मताचा.
सतरा वर्षांमागच्या जानेवारीत
बावीस नंबरच्या खोलीत झाडताना
पलंगाखालून जाड पाकीट निघालं,
रात्री कुणीतरी दारावरच्या झरोक्यातून आत टाकलेलं,
तेव्हा मी मोजलं होतं.

हो, मोजलं. खोटं कशाला बोलू.
हजाराच्या पाच नोटा.
माझा पगार महिन्याला अठरा डॉलर,
चादरी, पीकदाण्या
आणि आमदारांचे चिखलाने भरलेले बूट धरून.

त्या हिवाळ्यात हॉटेल गच्च भरलेलं.
कुणाच्या मेंढ्या, कुणाचं किराणा दुकान, कुणाची वकिली,
सगळे विधानसभेत बसायला आलेले.
सिनेटर तेव्हा हेच निवडायचे,
आमच्या वतीने म्हणे.
आमच्या वतीने व्हिस्की प्यायचे,
आमच्या वतीने दुपारपर्यंत घोरायचे.
दिवसा सभागृहात हात वर,
रात्री जिन्यात हात ओले.

पाकीट मी टेबलावर ठेवलं, बायबलच्या खाली.
तो आला. आधी माझ्याकडे बघितलं, मग बायबलकडे,
आणि खिशातून पन्नास सेंट काढून माझ्या तळहातावर ठेवले.
"तू काही पाहिलं नाहीस, लेम्पी."
नाव माहीत होतं त्याला माझं!
मला फार बरं वाटलं त्याचं.
त्याची लाज नंतर वाटली, वर्षभराने,
कपडे पिळता पिळता.

त्या पन्नास सेंटची मी कॉफी घेतली आणि काळा दोरा.
दोरा पुढे कामी आला.
कालेर्वोला खाणीतून वर आणलं
तेव्हा त्याच्या एकुलत्या कोटाची बाही शिवायची होती.

मग तेरा साल. मे महिना की जून.
काउंटरवरचा अँब्रोज पेपर पसरून ओरडला,
"घटना बदलली! आता सिनेटर लोक निवडणार, थेट!"
मी विचारलं, "मग पाकिटं कुणाला देणार?"
तो हसत सुटला.
"सगळ्यांना द्यायची तर
कंपनीला एवढे झरोके कुठून मिळणार?"

लोक म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.
ते दीड वर्षाने ठरलं, इथल्या पुरुषांनी ठरवलं,
आणि माझ्या हातातली बादली न उतरवता
मीही लोक झाले.

आज सकाळी बंबखान्यात गेले.
घोड्यांचा वास, ओला भुसा,
हिरव्या पडद्याआड दोरीला बांधलेली पेन्सिल.
नावं मी सावकाश वाचली, एकेक अक्षर जुळवत.
इंग्रजी मला अजून जिन्यासारखी चढावी लागते.
मागून कुणी खाकरलं. खाकरू दे.

पाकीट आता येत नाही.
फोरमन येतो.
पाळी सुटताना माझ्या ओळ्ळीच्या खांद्यावर हात ठेवून
गोड हसतो,
"काय मग, ठरलं ना?"
ओळ्ळी घरी येऊन जेवत नाही नीट.
काल म्हणाला, "आई, ते कागद उघडून बघतात का गं?"
मी म्हटलं नाही. घडी घालतात, पेटीत टाकतात.
मला नक्की कुठे माहीत होतं?
चादरींच्या घड्या घालणारी बाई मी,
घडीत काय काय राहून जातं ते मला विचारा.

तरी सांगते, पेन्सिल हातात घेतली
तेव्हा गुडघे थरथरले.
वयाने असेल.
फुली मारली. जरा जोरातच, टोक मोडलं.
कुणासाठी मारली ते ओळ्ळीलाही सांगणार नाही.
मत दिलं, आणि फुकट दिलं,
एवढंच.

दुपारी बावीस नंबरमध्ये गादी बदलायची होती.
झरोका आता उघडत नाही,
रंगाच्या तीन हातांनी चिकटून गेलाय.
स्टुलावर चढले, काचेवरची धूळ पुसली,
पलीकडे कॉरिडॉर दिसला, रिकामा,
आणि टोकाला कुणाचे तरी बूट,
पॉलिशची वाट बघत.