कुठल्या खोक्यात

माझ्या दुकानात तीन खोकी.
आधी संत्र्यांची होती, दमट दिवशी अजून वास येतो.
एकावर लिहिलंय जाझ, दुसऱ्यावर लॅटिन,
तिसऱ्यावर फंक,
ते पुतण्याच्या अक्षरात, जांभळ्या खडूनं.

ब्राँक्सच्या या टोकाला रूळ डोक्यावरून जातात.
गाडी गेली की सुई उडते.
गिऱ्हाईक म्हणतं, ओटिलिया, तबकडी ओरखडलेली दिसते.
मी म्हणते, नाही हो, पाच नंबरची गाडी आहे ती.

त्र्याहत्तरच्या मार्चात बारा प्रती आल्या.
कव्हरावर मोटारीचं बॉनेट, बॉनेटवर कापलेला आंबा.
का, ते मला विचारू नका.
कंपनीचा माणूस म्हणाला, ही पलीकडे जाणारी आहे.
पलीकडे म्हणजे कुठे?
त्यानं नुसता हात हलवला
नदीच्या, उंच इमारतींच्या, पैशांच्या दिशेनं.

मी लावून बघितली.
पियानो एकच वाक्य पुन्हा पुन्हा, हट्टी पोरासारखा.
कोंगा त्याची समजूत काढतात.
मग बास आत येतो
आणि न विचारता खोलीतलं सामान हलवायला लागतो.
ट्रम्पेट मध्येच,
जिन्यात कुणी मोठ्यानं हाक मारावी
आणि कशाला मारली ते विसरून जावं, तसा.

जाझमध्ये ठेवली. तिथे जागा होती.

शनिवारी एलादियो आला, कोंगावाला.
आठवडाभर लाँड्रीत इस्त्री करतो,
तळहात दोन्ही धंद्यांनी भाजलेले.
अख्खा गठ्ठा उचलला, लॅटिनमध्ये नेला,
माझ्याकडे बघून टोपी हलवली.
सोमवारी थर्मन, बासवाला.
पावाची गाडी दारात चालूच ठेवून
गठ्ठा फंकमध्ये.
मी हिशेबाच्या वहीतून मान वर केली नाही.

असं अडीच वर्षं.

एकदाच दोघे एका वेळी सापडले.
भांडण समेवरून.
थर्मन म्हणे, एक म्हणजे एक.
सगळं वजन तिथे टाकायचं,
मी पावाचा क्रेट टाकतो तसं, धप्प.
एलादियो म्हणे, एकावर शहाण्यानं बोलू नये.
उंबऱ्याशी यायचं आणि थांबायचं,
घरातले आपोआप दाराकडे बघतात.

मग तबकडीवर काय केलंत? मी विचारलं.

दोघे गप्प.
थर्मन म्हणाला, रात्रभर भांडलो.
रेकॉर्डिंगवाला खुर्चीत झोपला.
शेवटी मी एक वाजवला
आणि ह्यानं न ऐकल्यासारखं केलं.

ऐकला होता, एलादियो म्हणाला.

विकल्या गेल्या चार.
त्यातली एक परत आली, आंब्यावर कॉफी सांडून.

पंचाहत्तरच्या नोव्हेंबरात
पावाच्या गाडीत दुसराच पोरगा.
मी विचारलं नव्हतं, त्यानंच सांगितलं:
बेकरीच्या मागच्या दारात, पहाटे चारला,
क्रेट हातात होता.

त्या सोमवारी गठ्ठा जागचा हलला नाही.
शनिवारी एलादियो आला.
बोटांनी कडा चाळल्या, नऊच्या नऊ,
डागाळलेली धरून.
उचलल्या. मला वाटलं, घरी नेतोय.
त्यानं त्या फंकमध्ये ठेवल्या,
सगळ्यांच्या पुढे, आंबा दिसेल अशा.

मग माझ्या काउंटरवर थापा,
एकाच्या जरा आधी, एकाच्या जरा नंतर.
मधे कुणीतरी मावेल एवढी जागा.
वरून पाच नंबरची गेली.
तो गेल्यावरही गल्ल्यातली नाणी हलत होती.

सोमवारी दुकान उघडलं, दिवा लावला,
गठ्ठा परत लॅटिनमध्ये नेला.
शनिवारी त्याला हाताला काम नको?